जखमेतली वीज

गेल्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या हिरडीवर एक लहानशी शस्त्रक्रिया झाली. खालच्या जबड्यातील पुढच्या दोन दातांवरची हिरडी खाली सरकून दातांची मुळे उघडी पडली होती. मी तिला भेटायला गेलो तेव्हा ती कोपऱ्यात बसून गार ताक पीत होती. मी विचारले, "ताई, हिरडी फार दुखते का गं?" त्यावर ती म्हणाली, "हिरडीचं काही नाही रे, माझा टाळू दुखतोय!"

दुखणे खालच्या दाताचे आणि शिक्षा वरच्या टाळूला, हा काय प्रकार? हे कोडे उलगडता उलगडता मी ज्या विषयाशी जाऊन पोचलो त्याची कल्पना मला आधी मुळीच नव्हती. तो विषय म्हणजे वीज. तीही तारांतून वाहणारी नव्हे, तर आपल्या प्रत्येक जखमेतून वाहणारी!

प्रथम हिरडीचे पाहू. दाताचा जो भाग आपल्याला दिसतो त्यावर एनॅमलचे कठीण कवच असते. आपल्या शरीरात याहून कठीण पदार्थ नाही. पण हे कवच मुळापर्यंत जात नाही. मुळावर फक्त एक पातळ, मऊसर थर असतो आणि त्याच्या रक्षणाचे काम हिरडीकडे असते. हिरडी सरकली की मूळ उघडे पडते, थंड पाण्याचा घोट घेताच कळ मस्तकात जाते, आणि मुळावर कीडही लवकर धरते. हिरडी सरकण्याची कारणे अनेक आहेत. दातांवर साचलेले कीटण व त्यामुळे होणारा हिरडीचा रोग हे एक. कडक ब्रश आडवा धरून, भांडी घासावीत तसे दात घासणे हे दुसरे. आणि गंमत अशी की या चुकीत स्वच्छतेची फार आवड असणारी माणसेच जास्त सापडतात. काहींच्या दातांवरचे हाड मुळातच पातळ असते. आपल्याकडे यात मशेरीचीही भर पडते. भाजलेल्या तंबाखूची ती पूड रोज बोटाने हिरडीवर चोळली जाते. त्या घासण्याने हिरडी झिजते ते वेगळेच, शिवाय तंबाखूतील निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हिरडीला रक्ताचा पुरवठा कमी पडतो.

एकदा सरकलेली हिरडी आपण होऊन पुन्हा वर येत नाही. मग तिथे दुसरीकडून ऊतीचा तुकडा आणून बसवावा लागतो. गुलाबाचे कलम करतात तसेच हे कलम. ही पद्धत १९६०-७० या दशकात रूढ झाली आणि तिच्यात पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या. तुकडा आणायचा कोठून? हिरडीसारखीच घट्ट, चिवट ऊती तोंडात दुसऱ्या एकाच जागी भरपूर मिळते, ती म्हणजे टाळूवर. तेथून एक ते दीड मिलिमीटर जाडीची पट्टी काढतात आणि खालच्या हिरडीवर बारीक टाक्यांनी शिवतात. ताईच्या तक्रारीचा उलगडा येथे झाला. हिरडीवरच्या जखमेवर कलमाचे पांघरूण असते, पण टाळूवरची जखम उघडी राहते. प्रत्येक घास तिला लागतो, जीभ तर दिवसभर तिच्यावरून फिरत असते. ती पूर्ण भरून यायला दोन ते चार आठवडे लागतात.

कलमाची स्वतःची अडचण निराळी. टाळूवरून सुटताच त्याचा रक्तपुरवठा तुटतो. नव्या जागी पहिले दोन दिवस ते केवळ खालून झिरपणाऱ्या द्रवावर तग धरून असते; नंतर आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या त्याच्यात शिरू लागतात. पण कलमाचा मधला भाग ज्या मुळावर टेकलेला असतो, त्या मुळाला रक्तवाहिन्याच नाहीत. म्हणजे मधल्या भागाला सगळी रसद दोन्ही कडांकडून यायची. ती वेळेवर आली तर कलम जगले, नाहीतर मधला भाग काळवंडून गेला. धूम्रपान करणाऱ्यांत हे कलम तितकेसे चांगले रुजत नाही, त्याचेही कारण हेच.

म्हणून दंतवैद्यांपुढे दोन प्रश्न असतात. टाळूची जखम लवकर कशी बुजेल, आणि कलम लवकर कसे रुजेल? यावर अनेक उपाय करून पाहिले गेले आणि आजही पाहिले जात आहेत. त्यांतला एक उपाय म्हणजे जखमेला अगदी सौम्य विजेचा प्रवाह देणे. ऐकून अंगावर काटा येतो ना? पण त्यामागे जवळजवळ सव्वादोनशे वर्षांची गोष्ट आहे.

बेडकाच्या तंगडीपासून

इटलीतील लुइजी गॅल्व्हानी आणि बेडकाची उडणारी तंगडी ही गोष्ट तुम्ही भौतिकीच्या पुस्तकात वाचली असेल. दोन वेगवेगळ्या धातूंचा स्पर्श होताच मेलेल्या बेडकाचा पाय झटका देत असे. १७९१ साली गॅल्व्हानीने जाहीर केले की प्राण्यांच्या शरीरात वीज असते. व्होल्टा म्हणाला, वीज बेडकात नाही, ती दोन धातूंत आहे. आणि ते सिद्ध करण्याच्या नादात १८०० साली त्याने जगातली पहिली बॅटरी बनवली. पाठ्यपुस्तकात गोष्ट बहुधा येथेच संपते आणि गॅल्व्हानी हरला असे आपण समजतो. पण १७९४ साली त्याने आणखी एक प्रयोग केला होता, तो फारसा कोणी सांगत नाही. या वेळी त्याने धातू वापरलाच नाही. बेडकाच्या स्नायूला जखम करून त्या जखमी भागाला मज्जातंतूचे टोक टेकवले, आणि तरीही स्नायू आकसला. धातू नाही, बॅटरी नाही, मग वीज आली कोठून? ती जखमेतून आली होती.

याचे मोजमाप पुढे गॅल्व्हानीच्याच देशातील मात्तेउच्ची याने केले. आणि बर्लिनमधील एमिल द्यू ब्वा-रेमाँ याने १८४०-५० या दशकात तर स्वतःवरच प्रयोग केला. प्रवाह अतिशय सूक्ष्म असणार हे जाणून त्याने तारेचे हजारो वेढे स्वतः गुंडाळून एक संवेदनक्षम गॅल्व्हानोमापी तयार केला. मग आपल्या बोटाला चीर पाडली आणि बोट मिठाच्या पाण्यात बुडवले. काटा हलला! कापलेल्या बोटातून वीज बाहेर पडत होती. प्रवाह सुमारे एक मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग. विजेरीच्या साध्या बल्बला साधारण ०.३ अँपिअर लागतात. म्हणजे बल्ब पेटवायचा तर द्यू ब्वा-रेमाँला तीन लाख बोटे कापावी लागली असती.

ही वीज येते कशी?

आपली त्वचा ही एक पंपांची भिंत आहे. तिच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात आणि त्या बाहेरच्या बाजूकडून सोडियमचे धन आयन ओढून आतल्या बाजूला ढकलत असतात. हे काम रात्रंदिवस चालू असते. त्यामुळे त्वचेच्या आत धन आयनांची दाटी होते आणि आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा काही दशक मिलिव्होल्टांनी धन राहते. तोंडातील मऊ आवरणावरही असे विभवांतर मोजले गेले आहे.

मोटेने पाणी उपसून उंच हौद भरून ठेवला आहे अशी कल्पना करा. भिंत शाबूत आहे तोवर पाणी स्थिर. आता भिंतीला एके ठिकाणी भगदाड पडले, तर हौदातले पाणी चहूकडून त्या भगदाडाकडे धावेल. हौदात एखादा मासा असेल तर त्याला भगदाड डोळ्यांनी दिसण्याची गरज नाही. अंगाला लागणाऱ्या ओढीवरूनच त्याला दिशा कळेल. जखमेत नेमके हेच घडते. आवरण कापले की भिंतीला भगदाड पडते. आवरणाखालचे धन आयन जखमेकडे वाहू लागतात आणि तेथून बाहेर पडतात. पंप मात्र आजूबाजूच्या निरोगी भागात चालूच असतात, त्यामुळे हा प्रवाह क्षणभर वाहून थांबत नाही. जखम बुजेपर्यंत वाहत राहतो. आवरणाच्या खालून पाहिले तर जखमेचा मध्य हा ऋण ध्रुव ठरतो.

१९८२ साली अमेरिकेत गिनी पिगच्या त्वचेवर सूक्ष्म तारांनी मापन केले गेले. जखमेच्या अगदी कडेला प्रत्येक मिलिमीटरला शंभर-दीडशे मिलिव्होल्ट इतके विद्युत् क्षेत्र आढळले. आकडेमोड करून पाहा: मिलिमीटरला १०० मिलिव्होल्ट म्हणजे मीटरला १०० व्होल्ट! आकडा भयंकर दिसतो खरा, पण हे क्षेत्र कडेपासून मिलिमीटरभर अंतरातच विरून जाते, म्हणून आपल्याला त्याचा झटका बसत नाही. त्याच्या दोन वर्षे आधी, १९८० साली, इंग्लंडमध्ये दारात वगैरे चिमटून बोटाचे टोक तुटलेल्या मुलांवर मोजमाप झाले होते. लहान मुलांचे तुटलेले टोक शिवून न टाकता स्वच्छ झाकून ठेवले तर ते बऱ्याचदा नव्याने वाढते, हे तेथील डॉक्टरांच्या लक्षात आले होते. अशा बोटांतून चौरस सेंटिमीटरला १० ते ३० मायक्रोअँपिअर प्रवाह बाहेर पडताना आढळला.

पण वीज वाहते एवढ्यावरून ती काही काम करते असे सिद्ध होत नाही. गिरणीतून धूर निघतो, म्हणून धुराने गिरणी चालते असे कोणी म्हणत नाही! जखमेतली वीज हा असाच निरुपयोगी धूर आहे, असे म्हणणारे शास्त्रज्ञ पुष्कळ होते, आणि त्यांचा आक्षेप वाजवी होता.

पेशींचे होकायंत्र

त्याला उत्तर हवे असेल तर एकच मार्ग: क्षेत्राची दिशा बदलायची आणि पेशी काय करतात ते पाहायचे. काचेच्या तबकडीत वाढवलेल्या त्वचेच्या पेशींना जखमेइतकेच क्षेत्र दिले, तर त्या एरवी वाटेल तिकडे भटकतात ते सोडून ऋण ध्रुवाकडे सरपटू लागतात. ध्रुवांची अदलाबदल केली की थोड्या वेळाने पेशीही वळतात. २००६ साली मिन झाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेले प्रयोग याहून पुढचे होते. पेशींच्या सलग थराला ओरखडा काढला की दोन्ही काठांच्या पेशी साहजिकच ओरखड्याकडे सरकतात. या शास्त्रज्ञांनी मुद्दाम उलट दिशेचे क्षेत्र दिले. तेव्हा काठाच्या पेशी समोरची मोकळी जागा सोडून चक्क मागे फिरल्या, आणि जखम बुजण्याऐवजी रुंदावली! समोर मोकळी जागा असणे, शेजारी पेशी नसणे, जखमेतून सुटणारी रसायने, या सगळ्या इशाऱ्यांवर विजेच्या इशाऱ्याने मात केली होती. त्याच संशोधनात असेही दिसले की पेशीतील 'पीटेन' नावाचे जनुक काढून टाकले तर पेशी विजेला अधिक जोमाने प्रतिसाद देतात. उंदरांच्या डोळ्यांवरील पारदर्शक पटलाच्या प्रयोगांतही जखमेचा प्रवाह औषधाने वाढवल्यावर ती लवकर भरते आणि प्रवाह कमी केल्यावर रेंगाळते, असे आढळले आहे.

एवढ्याशा विजेची जाणीव पेशीला होते कशी? पेशीची लांबी ३० मायक्रोमीटर धरली तर वरील क्षेत्रात तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा फरक फक्त ३ मिलिव्होल्ट भरतो. पेशीच्या पटलावर पुष्कळ प्रथिने विद्युत्भारित असतात आणि तेलावरील थेंबांसारखी ती पटलावर सरकू शकतात. क्षेत्रामुळे ती हळूहळू एका टोकाला गोळा होतात, आणि पेशीला 'पुढे' कोठे आहे ते कळते. याखेरीज इतरही मार्ग आहेत आणि त्यांवर संशोधन चालू आहे.

आता टाळूवरच्या जखमेचे गणित मांडू. जखम १० मिलिमीटर रुंद आहे. पेशी दोन्ही काठांवरून निघाल्या तर प्रत्येकीला ५ मिलिमीटर, म्हणजे ५००० मायक्रोमीटर जायचे आहे. त्वचेची पेशी मिनिटाला साधारण एक मायक्रोमीटर सरपटते. म्हणजे ५००० मिनिटे, सुमारे साडेतीन दिवस. मग प्रत्यक्षात दोन आठवडे का लागतात? कारण पेशी सरळ रेषेत जात नाही, सारखी थांबत नाही असेही नाही. शिवाय आधी तळाशी नवी ऊती तयार व्हावी लागते, मागे नव्या पेशी जन्माला याव्या लागतात. या साडेतीन आणि चौदा दिवसांमधले जे अंतर आहे, त्यातले थोडे जरी कमी करता आले तरी ताईसारख्यांचे अनेक घास सुखाचे होतील.

येथे तोंडाच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. तोंडातल्या जखमा मुळातच त्वचेवरील जखमांपेक्षा लवकर भरतात आणि त्यांचे व्रणही फारसे राहत नाहीत. लाळेतील काही प्रथिने याला मदत करतात. दुसरे म्हणजे तोंडात जखम कधी सुकत नाही. १९६२ साली जॉर्ज विंटर याने डुकरांवर प्रयोग करून दाखवले की ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवे आवरण सुक्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने येते. 'जखम उघडी ठेवा, वारा लागू द्या' हा आजीचा सल्ला तेव्हापासून मागे पडला. ओलाव्याचे फायदे अनेक आहेत, पण त्यांत हाही असावा: सुकलेल्या खपलीतून वीज वाहत नाही, ओल्या जखमेतून वाहते.

बाहेरची वीज

म्हातारपणी जखमा उशिरा भरतात हे आपण घरोघरी पाहतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मापनात असे दिसले की वृद्धांच्या त्वचेवरील जखमेचे विद्युत् क्षेत्र तरुणांच्या मानाने जवळपास निम्मे असते. तेव्हा शरीराची वीज जेथे कमी पडते तेथे ती बाहेरून पुरवावी, ही कल्पना सुचणे स्वाभाविक आहे.

ही कल्पना हाडांच्या बाबतीत आधी आली. १९५७ साली जपानमध्ये फुकादा आणि यासुदा यांनी दाखवले की हाडावर दाब दिला की त्यात विभवांतर निर्माण होते. पुढे न सांधणाऱ्या अस्थिभंगासाठी विद्युत् उपकरणे निघाली आणि १९७९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांना मान्यता दिली. पायावरच्या चिघळलेल्या, महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमांसाठीही तेथे हा उपचार वापरतात. मात्र नेहमीचे उपचार थकल्यानंतरच.

तोंडातील वापर त्यामानाने नवा आहे. ब्राझीलमधील दंतवैद्यांनी टाळूवरून कलम काढलेल्या पन्नासएक रुग्णांवर केलेली चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला जखमेजवळ सुमारे १०० मायक्रोअँपिअरचा प्रवाह दिला. दुसऱ्या गटालाही तेच उपकरण तसेच लावले, पण त्यातून प्रवाह सोडला नाही! ही लबाडी नव्हे, चांगल्या प्रयोगाची ती अटच आहे. उपकरण लावल्याच्या समाधानानेच कित्येकांचे दुखणे कमी होते. तो भाग वजा केल्याशिवाय विजेचा खरा वाटा कळणार कसा? रुग्णांना प्रवाह जाणवत नाही हे येथे सोयीचे ठरते, कारण हातात साधारण एक मिलिअँपिअरपासून प्रवाहाची जाणीव होते आणि हा त्याच्या एक-दशांश होता. प्रवाह मिळालेल्या गटातील जखमा सुरुवातीच्या दोन आठवड्यांत अधिक लवकर बुजल्या.

निकाल आशादायक आहे, पण पन्नास माणसे म्हणजे फार नव्हेत. त्यातून प्रत्येक संशोधकाचे उपकरण निराळे. कोणी एकाच दिशेचा प्रवाह देतो, कोणी तुटक, कोणी उलटसुलट दिशेचा. कोणी दहा मिनिटे, कोणी तासभर. मला स्वतःला एक शंका राहून राहून येते. शरीरातला प्रवाह एकाच दिशेने वाहतो आणि पेशी त्या दिशेवरूनच वाट ओळखतात. मग क्षणोक्षणी दिशा बदलणारा प्रवाह त्यांना वाट कशी दाखवणार? त्याचा उपयोग होत असेल तर तो वेगळ्या मार्गाने, कदाचित रक्तपुरवठा वाढवून किंवा पेशींना अधिक प्रथिने बनवायला लावून, होत असला पाहिजे. तसे असेल तर ही जखमेच्या नैसर्गिक विजेची नक्कल नव्हे, वेगळाच उपचार झाला. दोन्हींना एकाच नावाने ओळखण्यात घोटाळा आहे. आणि कलम रुजवण्यासाठी हा उपचार किती उपयोगी पडतो, त्याचा पुरावा टाळूच्या जखमेच्या पुराव्याहूनही थोडा आहे.

घाईचा इतिहासही आपल्यासमोर आहे. १८५० नंतर युरोपात पुल्व्हरमाखर याच्या विद्युत् साखळ्या प्रचंड खपल्या. तांबे आणि जस्त यांच्या त्या साखळ्या व्हिनेगारमध्ये भिजवून कमरेला बांधायच्या, म्हणजे संधिवातापासून अशक्तपणापर्यंत सर्व काही बरे होते अशी जाहिरात असे. वीज खरी होती, गुण मात्र जाहिरातीतच होता. पण त्या गदारोळात 'शरीरातली वीज' हा विषयच इतका बदनाम झाला की पुढे कित्येक वर्षे मान्यवर शास्त्रज्ञ त्याच्या वाटेला जायला कचरत.

हे वाचून कोणी आपल्या फुटलेल्या गुडघ्याला किंवा तोंड आलेल्या जागी बॅटरीच्या तारा लावून पाहू नये. नऊ व्होल्टची साधी बॅटरी ओल्या ऊतीतून कित्येक मिलिअँपिअर प्रवाह सोडू शकते, म्हणजे वरच्या उपचाराच्या कितीतरी पट. तेवढ्याने धन ध्रुवाशी आम्ल आणि ऋण ध्रुवाशी अल्क तयार होऊन उलट भाजते. हृदयाला पेसमेकर बसवलेल्यांनी तर विद्युत् उपचारापासून, डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याखेरीज, दूरच राहावे. वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग हवा असेल तर लिंबात तांब्याची तार आणि जस्ताचा खिळा खोचून मल्टिमीटरवर प्रवाह मोजा. मग मध्ये एकामागून एक मोठे रोध जोडत जा आणि प्रवाह १०० मायक्रोअँपिअरपर्यंत उतरवा. उपचारात वापरतात तो प्रवाह किती थोडा असतो, ते एका लिंबावरूनही कळेल. ज्यांच्या दाढेत चांदीचे भरण आहे त्यांच्या घरातल्या कोणी चॉकलेटचा चंदेरी कागद चुकून चावला असेल, तर दोन धातू आणि लाळ यांची बॅटरी काय असते ते त्यांना विचारा!

ताईच्या डॉक्टरांकडे असे उपकरण नव्हते. त्यांनी टाळूवर बसेल अशी प्लॅस्टिकची पातळ चकती करून दिली, गार आणि मऊ खायला सांगितले आणि तिच्या सासूबाईंनाही मशेरी सोडायला बजावले. सतराव्या दिवशी तिने ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि विसाव्या दिवशी नुसती, ठेच्याबरोबर. आरशात पाहिले तर टाळूवर जखमेच्या जागी किंचित फिकट गुलाबी पट्टा तेवढा उरला होता.